फूटभर खोक्यावरून

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कारच लिहिणार होते, पण आठ अंगांपैकी उजवा गुडघा जमिनीला टेकायला अजून कां-कू करतो. तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझी कंबर कशी आहे? (माझ्या धीरापेक्षा तरी बरी असणार.)

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनला नऊ महिने झाले, गुडघ्यातला नवा लिगामेंट घट्ट बसलाय. ट्रेनरबाई म्हणतात, आता भार हळूहळू वाढवायचा, या आठवड्यात दहा उड्या, पुढच्यात बारा, मग व्हॉलीबॉलचं नेट. सगळं पटतं गं. पण तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी मला फूटभर उंच लाकडी खोक्यावर चढवलं, "दोन्ही पायांवर उतर" म्हणाल्या आणि फोन आला म्हणून बाहेर गेल्या. खाली पाहिलं. मागच्या वेळी सामन्यात उडीवरून असंच उतरताना गुडघ्यात जो आवाज झाला, तो अजून कानातून जात नाही. हात पुढे केले, मागे घेतले, घाम पुसला. वीस मिनिटं गेली. झाडलोट करणाऱ्या मावशी खोक्याभोवती झाडून गेल्या आणि ओला फडका घेऊन परत आल्या. "उतरताय, की तुम्हालाही पुसून घेऊ?" शेवटी पाठमोरी होऊन, शिडीवरून उतरावं तशी एकेक पाय टाकत उतरले आणि सरावाच्या वहीत लिहिलं, 'उड्या दहा, दुखणं शून्य.' (दुखणं शून्य हे खरंच होतं.)

पुढे हात सैल सुटला. कागदावर मी साठ उड्यांपर्यंत पोहोचले. काल बाईंनी वही चाळून पाठ थोपटली. "शाब्बास! रविवारी सामन्यात उतर." तयारी नसलेल्या गुडघ्यावर एकदम भार पडला तर काय होतं, ते त्यांनीच शिकवलंय. मग रडत रडत सगळं खरं ओकले. त्या ओरडल्या नाहीत (त्याचीच जास्त भीती वाटली). माझा सामना रद्द केला, जमिनीवर बोटभर जाडीची फळी ठेवली आणि माझा हात धरला. "चल, इथून." डोळे गच्च मिटून मारली उडी. माझं काही तुटलं नाही. माझ्या पायाखाली त्यांच्या अंगठ्याचं नख गेलं.

तुझी घाबरट भाची

ता. क. बाबांना मी 'रविवारी खेळतेय' असं कालच, रडण्याच्या आधी, कळवून बसले. ते शेजाऱ्यांना घेऊन निघणार आहेत. त्यांना तूच आवर. मोठ्या बहिणीपुढे त्यांचं चालत नाही.

ता. क. दुसरं, आणि खरं काम हेच. सोमवारी तूच ये. उडी मारताना कुणाचा तरी हात लागतो, आणि बाई आता लांबच उभ्या राहणार म्हणतात. येताना जाड बूट घाल.