पडवीच्या खोलीची व्यवस्था

मी, दामाजी धाकू भोईर, वय एकाहत्तर, निवृत्त फिटर, राहणार बाळकुम गावठाण, ठाणे, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या विचाराने हे लिहून ठेवत आहे. गुडघे सोडले तर तब्येतीची तक्रार नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझी पत्नी मालू गेल्या वर्षी माघात वारली. मुलगा विनीत, सून सोनल आणि नात प्राप्ती माझ्यासोबत राहतात. मुलगी शिवानी कल्याणला सासरी असते. सर्वजण माझ्याशी चांगले वागतात. हे मृत्युपत्र कुणावरच्या रागाने केलेले नाही. एका खोलीसाठी केले आहे.

१. घर. गावठाणातील घराची जागा वाटणीत माझ्या हिश्श्याला आली आणि बांधकाम मी माझ्या पगारातून केले. वरचा मजला, गच्ची आणि त्यावर पुढे बांधण्याचा हक्क विनीतला मिळावा. खालचे स्वयंपाकघर आणि मधली खोली विनीत व सोनल दोघांच्या नावे व्हावीत. रस्त्याकडच्या पडवीला भिंत घालून आम्ही जी खोली केली, ती या कलमातून वगळली आहे.

विनीतचे म्हणणे इथे नोंदवतो, कारण ते वेडेपणाचे नाही. तो म्हणाला, "बाबा, समोर टॉवर उभे राहिलेत. पडवीत दोन गाळे निघतील. डेअरीवाला तर मागेच लागलाय."

मी विचारले, "मग पोरं कुठं बसतील?"

"टॉवरमधल्या पोरांना सगळे क्लास आहेत. रोबोट शिकवतात, कीबोर्ड शिकवतात."

"आणि गावातल्या?"

तो काही बोलायच्या आत सोनल आतून म्हणाली, "अहो, तुमची स्वतःची पोरगी रोज तिथे बसते. तिला काय डेअरीत बसवणार, दही मोजायला?"

त्या दिवशी बोलणे तिथेच थांबले. म्हणून लिहावे लागत आहे.

२. पडवीची खोली. ही खोली मी सोनल आणि शिवानी यांना समान हक्काने देतो. जोवर दोघींपैकी एकीची जरी चालवायची तयारी असेल, तोवर ती विकू नये, भाड्याने देऊ नये, गाळे काढू नयेत. पुढे ती प्राप्तीकडे जावी.

खोलीत काय चालते हे वकिलांनी विचारले, म्हणून सांगतो. विनीत-शिवानी लहान असताना मालूने हे सुरू केले. मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होतो. बंद पडलेला मिक्सर, पंखा, गजराचे घड्याळ, जे मिळेल ते मी घरी आणायचो. वायर मी आधीच कापून ठेवायचो. पोरे ते उघडायची आणि काढलेले स्क्रू परातीत ठेवायची. तेवढ्यात मालू गोष्ट वाचायला घ्यायची आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटायची.

"पुढं काय झालं?" पोरे ओरडायची.

"पयले मशीन मिटवा. ज्यानं उघरला, त्यानंच मिटवायचा."

मालू खाडीकाठच्या कोळी घरातली. शाळेत शिकवताना शुद्ध बोलायची, खोलीतल्या पोरांशी घरचीच बोली. परातीत एक जरी स्क्रू उरला तरी उरलेली गोष्ट मिळत नसे. एकदा विनीतने उरलेला स्क्रू खिशात लपवला आणि गोष्ट ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी मी वायर जोडून पंखा लावला तर तो चालला, पण खडखडला. मालू म्हणाली, "बघ, पंखा चुगली सांगतोय." त्यानंतर कुणी स्क्रू लपवला नाही.

तिची बाजाची पेटी वडिलांकडून आलेली होती. पेटीचे झाकण काढून ती पोरांना आतल्या पितळी सुरांच्या पात्या दाखवायची. लांब सूर जाड बोलतो, आखूड बारीक. मग पोरे टेबलाच्या कडेला स्टीलची पट्टी धरून छेडत बसायची. बाहेर जास्त काढली की आवाज जाड, आत सारली की बारीक. ते त्यांना आम्ही सांगितले नव्हते.

३. हत्यारे. वाईस, पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर ही सर्व त्या खोलीची. कुलपात ठेवू नयेत, पोरांच्या हाताला येतील अशी भिंतीवर टांगावीत. फक्त करवत वर ठेवावी. मायक्रोमीटर शिवानीला, ती कंपनीत क्वालिटीला आहे, तिला उपयोग होईल. खंडेनवमीला हत्यारांसोबत पुस्तकेही पूजेत मांडावीत. पण त्या दिवशी कुणा पोराने गोष्टीचे पुस्तक मागितले, तर हळदकुंकवासकट काढून द्यावे. मालू देत असे.

४. पेटी. मालूच्या उत्तरकार्याला तिच्या वस्तू द्यायच्या म्हणून विनीतने चांगल्या भावनेने पेटी भजनी मंडळाला दिली. त्या वेळी मी काही बोलायच्या स्थितीत नव्हतो. मंडळाने तिच्यावर मालूचे नाव रंगवले आणि देवळाच्या कपाटात ठेवली. नंतर प्राप्ती वाजवायला गेली, तेव्हा मंडळाचा अध्यक्ष, माझा आतेभाऊ संदेश, तिला म्हणाला, "ही देवाची पेटी हाय. पोरींनी हात लावायचा नाय." जिचे नाव वर लिहिले आहे ती पोरगीच होती, हे त्याच्या लक्षात आले नसावे.

दिलेले दान मी परत मागणार नाही. माझ्या पैशांतून खोलीसाठी दुसरी पेटी घ्यावी. मात्र माझ्या उत्तरकार्याला भजन ठेवल्यास पेटी पोरांनी वाजवावी, पोरींनी आधी. मंडळाला हे मान्य नसल्यास भजन नको.

५. ठेवी व दागिने. मालूचे दागिने शिवानी आणि सोनल यांनी आपसात वाटून घ्यावेत. त्या भांडणार नाहीत याची मला खात्री आहे. बँकेतील ठेवी विनीत व शिवानी यांना निम्म्या-निम्म्या. मात्र माझ्या फंडातून आलेली ठेव या वाटणीत न धरता खोलीच्या खर्चाला बाजूला ठेवावी. पुस्तके घेताना कंजुषी करू नये. ती फाटतात, त्यासाठीच असतात.

६. सोनलला सूचना. परीक्षा, बक्षीस, सर्टिफिकेट काही ठेवू नये. पोर अडले तर लगेच हात पुढे करू नये. आपण दमलो असलो तरी एक पान तरी मोठ्याने वाचावे. टॉवरमधल्या एका बाईंनी मालूला विचारले होते, "यानं मार्क वाढतील का हो?" मालू म्हणाली, "नाय वाढणार बाय. पन तुमचा मिक्सर घरात दुरुस्त व्हईल." ती बाई अजूनही मुलाला पाठवते. शुल्काबद्दल कुणी विचारल्यास बंद पडलेली एखादी वस्तू आणायला सांगावी.

७. सूतक. मालू गेली तेव्हा आम्ही ही खोली बंद केली. सूतक संपले तरी मी कुलूप काढले नाही. पोरे ओट्यापर्यंत येत, चपला काढत, कुलूप बघून परत घालत. हळूहळू येईनाशी झाली. पावसाळ्याच्या तोंडावर सोनलने माझ्याकडे चावी मागितली. मी म्हटले, "राहू दे." ती म्हणाली, "बाबा, आईंनी गोष्ट अर्धीच ठेवलेली आहे. पोरं मला बाजारात अडवून विचारतात, पुढं काय झालं." मी चावी दिली.

सबब लिहून ठेवतो की माझे सूतक घराने रीतीप्रमाणे पाळावे, पण या खोलीला ते लागू नाही. मला नेले त्याच संध्याकाळी खोलीचे दार उघडे असावे.

पुस्ती. सही करण्यापूर्वी हा मसुदा मी विनीतला वाचायला दिला. तोंडाने सांगणे मला जमले नसते. त्याने पूर्ण वाचला, सातवे कलम पुन्हा वाचले आणि म्हणाला, "बाबा, नुसतं दार लिहून चालणार नाही. गोष्ट सुरू झाली की आई दार लावून घ्यायची. उशिरा येणारी पोरं खिडकीतून यायची. मी पण तिथूनच यायचो."

हे मला माहीत नव्हते. सबब कलम सातमध्ये "दार" या शब्दापुढे "व खिडकी" असे माझ्या हाताने वाढवून बाजूस सही केली आहे.

लिहून देणार: दामाजी धाकू भोईर (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१. यज्ञेश मोरेश्वर पाटील, बाळकुम (सही)
२. भीमाबाई काशिनाथ केणी, बाळकुम (सही)

ठिकाण: बाळकुम, ठाणे
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५