बेडशाच्या मुलीच्या सुईच्या दोन पाळ्या

चिमट्यानं उकळत्या पाण्यातून सुई उचलून तुम्ही ती सिरिंजला बसवलीत आणि मागे न पाहता म्हणालात, "पुढचं नाव, मास्तर." मी नाव वाचलं. बेडसे गावची मुलगी आत आली, बाकावर पालथी झाली, दात आवळून राहिली. तुम्ही औषध सावकाश सोडलंत, कारण ते दाट असे आणि घाई केली की सुईत अडके. मी रकान्यात बरोबरची खूण केली. डॉक्टरबाई, ती यादीतली मुलगी नव्हती. तिची धाकटी बहीण होती.

तुम्हाला देवाघरी जाऊन बारा वर्षं झाली. कामशेतला तांदळाच्या वखारीमागची खोली तुम्हाला मिळाली होती, आणि दर एकवीस दिवसांनी तुम्ही पुण्याहून गाडीनं येत होतात. घसा सुजून ताप येतो, मग सांधे धरतात, आणि सांधे सुटले की घरचे म्हणतात पोर बरं झालं. पण तोवर तो ताप हृदयाच्या झडपेला लागलेला असतो. हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलंत, शाळेच्या पडवीत, उभ्या उभ्या. पुस्तकं परदेशातली, असं म्हणालात. त्यांत झडप आकसायला वीस वर्षं लागतात, इथं बारा वर्षांच्या पोरीला चढ चढवत नाही. हे कुणीतरी इथं बसून लिहायला हवं. ताप पुन्हा येऊ दिला नाही तर झडप वाचते, आणि त्याला ही सुई पुरते, एवढंच तुम्हाला दाखवायचं होतं. हजेरीची वही माझ्याकडे दिलीत ती अक्षरासाठी नव्हे. "चाळीस मुलांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. तुमच्या राहतात," म्हणालात. छातीला नळी तुम्ही सहा महिन्यांनी एकदा लावत होतात. एरवी सुई, आणि मी वाचलेलं नाव.

तो आवणीचा, भातलावणीचा महिना होता. तुम्ही आत होतात; बाहेर दाराशी मुलीची आई इरलं उतरवून उभी राहिली. धाकटीला पुढे करून म्हणाली, "थोरली मावशीकडं गेलीया आवणीला. ही आलीया तिची पाळी भराया."

"अहो, दुखणं थोरलीचं. सुई हिला देऊन काय उपयोग?"

"सावडीला न्हाई का मास्तर? मला जमलं न्हाई तर जाऊ जाती. घरातलं मानूस उभं ऱ्हायलं म्हंजी झालं की."

"एकमेकांच्या शेतात राबायची सावड वेगळी, मावशी."

"आन् नाव कापलं म्हंजी? तुमीच सांगितलंत, सुईची पाळी चुकली की नाव कमी. त्या पोरीला आता कायबी व्हत न्हाई, लय चांगली हाय. पर नाव ऱ्हाऊ द्या."

धाकटी म्हणाली, "दुखनं ताईचं आन् टोचायचं मला."

"गप. येताना भजी खाल्लीस तवा ताईची आठवन न्हाई झाली ती."

मी हसलो. नियम तुमचा नव्हता, औषधाच्या कुप्या देणाऱ्यांचा होता, आणि तुम्हाला तो आवडत नव्हता, हे मला माहीत होतं. नाव कापलं तर आवणी संपल्यावर थोरलीला सुई मिळणार नाही, हेही माहीत होतं. मी नाव वाचलं. एकवीस दिवसांनी पुन्हा वाचलं. आपण एक मुलगी यादीत राखली असं मला वाटत होतं. निरोगी पोरीला दोनदा उगाच औषध दिलं गेलं, त्याचा विचारही मनात आला नाही.

गणपती गेल्यावर थोरली आली, चुलत्याच्या पाठीवर. गुडघे सुजलेले, नाकपुड्या उडत होत्या. तुम्ही नळी लावून बराच वेळ ऐकत राहिलात, मग ती माझ्या कानांत घातलीत. "ऐका." जात्याचा खुंटा सैल झाला की वरचा दगड घासत फिरतो, तसा आवाज होता. तुम्ही वही मागितलीत. माझ्या रकान्यांवरून बोट फिरवलंत; एकही रिकामा नव्हता. "न चुकता," तुम्ही म्हणालात. "न चुकता घेऊनही." मी समोर उभा होतो. तुम्ही कुपीवरची तारीख पाहिलीत, स्वतःच्या हाताकडे पाहिलंत. तेवढ्यात सांगितलं असतं तर चाललं असतं. मी सांगितलं नाही.

दिवाळीआधी ती गेली. मी बेडशाला गेलो होतो. आई मला म्हणाली, "तुमी लय केलंत, मास्तर." पुढच्या पाळीपासून तुम्ही एकवीसचे पंधरा दिवस केलेत, सगळ्यांसाठीच. एकवीस पुरत नाहीत असं वही सांगत होती. पंधरा दिवसांनी कामाचा खाडा कोण करणार? चाळिसांची पंचवीस झाली, उन्हाळ्यापर्यंत नऊ. मग वखारवाल्याला खोली हवी झाली. तुम्ही वही माझ्याकडे ठेवून गेलात आणि शेवटपर्यंत हेच धरून राहिलात की सुई कमी पडली, नाहीतर तुमचा हात चुकला.

परवा पुण्याचा एक तरुण डॉक्टर घरी आला. तुमचा अहवाल त्याला कुठल्याशा कपाटात सापडला आहे. ही सुई गावोगावच्या दवाखान्यात कायम मिळावी म्हणून तो झगडतो आहे, आणि वरचे लोक तुमच्याच अहवालावर बोट ठेवतात. "एकच मुलगी, गुरुजी. नियमित घेऊनही ताप उलटला. हिचं काय झालं होतं?" मी म्हणालो, आठवून सांगतो, वही शोधावी लागेल. वही उशापाशीच होती. उद्या तो पुन्हा येणार आहे.

दोन दिवस मी स्वतःला सांगतो आहे की मी ते दयेपोटी केलं. पाळी भरली ती दयेपोटी, हे खरं आहे. पण नळी कानांतून काढल्यावर जो गप्प बसलो, त्याला दया म्हणता येत नाही. त्याच्या आधल्या पाळीला तुमचे वरिष्ठ वही पाहायला आले होते, आणि तुम्ही त्यांना म्हणाला होतात, "आमच्या मास्तरांच्या वहीत खाडाखोड सापडायची नाही." मला ते वाक्य गमवायचं नव्हतं. एवढंच कारण होतं, बाई. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सही करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या गाडीनं तो तरुण डॉक्टर आला. मी वही उघडून त्या दोन खुणांवर बोट ठेवलं आणि त्या खोट्या आहेत असं सांगितलं. त्यानं खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "तुमचं नाव घालू?" मी हो म्हणालो. त्यानं ते लिहून घेतलं.