विहिरीच्या जागेवर पडलेला दगड

हैदराबाद, गुरुवार संध्याकाळ

घ्या, आता आणखी नवं! मी विहिरीसाठी इथं गिरणीत राबून राहिलो, अन् बा म्हणतो विहीर खोदायचीच न्हाई. गावाकडून, हट्ट्याहून, आलेल्या किसननं आज निरोप दिला. आभाळातून दगड पडला, तो नेमका पाणाड्यानं दाखवलेल्या जागेवर. बानं त्याला शेंदूर फासला. "देव सोताहून येऊन बसला, त्याला उठवू कसं?" म्हणे.

किसनला इचारलं, दगड कसा हाय रे?

"काळा. पडल्या पडल्या हात लावला तर गार, लेका!"

जळत आलेला अन् गार? तेच डोक्यात घुमून राहिलंय. किती लांबून आला असंल. मीबी घर सोडून लांबच आलो की. पण मला इथं कोण शेंदूर लावतंय!

मग सुचलं. इतक्या लांबून आलेल्याला आणखी धा पावलं जड जातील व्हय? बाला कळवतो, देवाला बांधावरच्या लिंबाखाली बसव. गार देव हाय, सावलीच मागंल. अन् विहीर पाणाड्यानं दाखवलेल्या जागीच खोद. देवाच्या चौथऱ्याच्या खर्चासकट निजामाचे बारा हाली रुपये धाडतो.