दगाबाबांच्या हातची विडी आणि पुन्हा पहिला दिवस

प्रति,
मा. शिबिरप्रमुख,
सात दिवसांचे निवासी धूम्रपानमुक्ती शिबिर,
राजघाटाजवळ, बुरहानपूर (म. प्र.)

विषय : पाचव्या दिवशी विडी ओढल्याने नाव कमी झालेल्या अर्जदारास पुन्हा पहिल्या दिवसापासून दाखल करून घेण्याबाबत.

संदर्भ : नाव कमी केल्याची आपली चिठ्ठी, दि. १७ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

अर्जदार गिरधर लोटू महाजन, वय ५६, केळी उत्पादक, हा सकाळपासून आपल्या फाटकाबाहेर येरझारा घालीत असून प्रस्तुत अर्ज चौकीदाराच्या स्टुलावर उठत-बसत लिहीत आहे. अक्षर वाकडे आल्यास तो दोष हाताचा समजावा. अर्ज हिंदीत हवा हे त्यास ठाऊक आहे. परंतु आपणही घरी मराठीच बोलता, आणि जिवाची अशी तगमग अर्जदाराला दुसऱ्या भाषेत मांडता येत नाही.

१. अर्जदार बत्तीस वर्षे दिवसाला दोन बंडल विडी ओढीत होता. जिना चढताना धाप लागते म्हणून मुलगी वैजयंती हिने दि. १२ रोजी त्यास स्वतः आणून आपल्या स्वाधीन केले. पहिले तीन दिवस कसे काढले ते त्याचे त्यालाच माहीत. बडीशेप चघळून जीभ सोलली, शर्टाची दोन बटणे पिळून तोडली आणि शेजारच्या खाटेवरील इसमाशी पंख्याच्या वेगावरून भांडण केले, त्याबद्दल दिलगीर आहे. मात्र पाचव्या दिवशी सकाळी तो घाटाच्या पायऱ्या मध्ये कुठेही न टेकता चढून गेला. वर पोचल्यावर त्याला रडू आले. ही बाब शिबिराच्या नोंदीत नाही.

२. त्याच दिवशी, रविवारी, लोधीपुऱ्यात अर्जदाराच्या भावाकडे वैजयंतीच्या सोयरिकीची बैठक होती. आपण तीन तासांची रजा दिलीत, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. दिली नसती तर अधिक ऋणी राहिला असता.

३. आमच्या घराण्यांत रीत अशी की, बोलणी जुळली म्हणजे मुलाकडील वडीलधारा स्वतः विडी पेटवतो, एक झुरका घेतो व ती मुलीच्या बापापुढे धरतो. बापाने ओढली की सोयरीक पक्की. त्याप्रमाणे मुलाचे आजोबा दगाबाबा, वय ७४, यांनी विडी पुढे केली. अर्जदार दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. शिबिराचे नाव काढावे तर बाप आजारी ठरतो आणि नको त्या चौकश्या सुरू होतात, म्हणून त्याने पोट बिघडल्याचे सांगितले. दगाबाबा म्हणाले, "आमच्या हातची इडी चालत नाही तुम्हाले, मंग आमचं घर पोरीले काय चालीन?" मंडळींनी चहाचे कप खाली ठेवले. अर्जदाराने विडी घेतली.

४. मान राखायला एक झुरका पुरला असता, हे अर्जदारास मान्य आहे. त्याने ती बोट भाजेपर्यंत ओढली. आपल्यापासून काय लपवायचे, पाच दिवसांत तेवढा निवांतपणा त्याला कुठेच मिळाला नव्हता. संध्याकाळी परिचारिकाबाईंनी श्वासातला धूर मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला लावले. यंत्राला रीतभात कळत नाही. आकडा चढला व सोमवारी नाव कमी झाले. याबाबत तक्रार नाही.

५. तक्रार पुढची आहे, आणि ती कोणाविरुद्ध करावी हेच समजत नाही. आपली चिठ्ठी वैजयंतीच्या हाती लागली. ती ओरडली असती तर बरे झाले असते. "बाबा, माह्या नावावर इडी नका पेऊ," एवढेच बोलून तिने मुलाकडे फोन लावला आणि सांगितले, "पहले बाबाचे सात दिवस पूरे, मंग साखरपुडा." दि. ३० चा कार्यक्रम त्यामुळे थांबला आहे. जी सोयरीक टिकावी म्हणून अर्जदाराने विडी ओढली, ती आता त्या विडीपायीच अडून बसली आहे. दगाबाबा फोनवर तापले, "मनाई होती त सांगाले तोंड नव्हतं का?"

६. सबब विनंती की, अर्जदारास आजच आत घ्यावे. खाट नसल्यास व्हरांडा चालेल. मागील पाच दिवस धरू नयेत. सात दिवसांत कोणत्याही मंगलकार्यासाठी, सख्खा भाऊ न्यायला आला तरी, रजा देऊ नये. तसेच दगाबाबांचेही नाव नोंदवून ठेवावे. ते स्वतः हो म्हणालेले नाहीत, परंतु अर्जदारावर तापताना खोकल्याने त्यांना तीनदा थांबावे लागले. ते आल्यास दोघांच्या खाटा मात्र शेजारी नसाव्यात.

७. दुसऱ्यांदा दाखल होणाऱ्यास घरच्या माणसाची हमी लागते, असे चौकीदाराने आत्ताच सांगितले. भाऊ सही करायला एका पायावर तयार आहे, पण बोलता बोलता तो खिशातले बंडल चाचपतो. वैजयंती इथेच, फाटकाशी उभी आहे. अर्जदाराला हमी तिचीच हवी आहे.

आत घ्याल या आशेवर दारात थांबलेला,
गिरधर लोटू महाजन
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत : नाव कमी केल्याची चिठ्ठी (चुरगळलेली).

हमीदाराची सही : जागा कोरी सोडली आहे. मुलगी म्हणते, आठव्या दिवशी करीन.