डमी उमेदवाराची माघार

स्वस्ति श्री. सकलगुणमंडित, श्यालककुलावतंस, हडपसरप्रांतनिवासी, द्विचक्री व चतुश्चक्री अशा उभय वाहनांचे अधिपती, अखंडितजलधारी (आपल्या नळास दोन्ही वेळा पाणी असते, असे ऐकिवात आहे), सौभाग्यवती कौशल्याबाईंचे एकमेव कनिष्ठ बंधू व आमच्या कन्येचे मातुल, राजमान्य राजश्री बंकटराव यांच्या चरणी (‘चरणी’ हा शब्द रद्द समजावा, नात्याने आम्ही वडील आहोत), तलवाड्यापलीकडील वाडीहून, दूध संस्थेचे निवृत्त सचिव, तीन निवडणुकांचे अदृश्य सूत्रधार व कलाशाखेचे पदवीधर (श्रेणी अनुच्चारणीय) आप्पाराव यांचा यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद, किंवा उभयतांमध्ये सांप्रत जे काही शिल्लक असेल ते.

येथील क्षेम. तेथील क्षेम असावे अशी आशा आहे, खात्री नाही. कारण दिवाळीपासून आम्ही केलेल्या एकाही दूरध्वनीस आपण उत्तर दिलेले नाही. आपल्या श्रवणेंद्रियास काही व्याधी जडली असल्यास रात्री निजताना लसणीचे कोमट तेल दोन थेंब सोडावे. व्याधी नसून रुसवा असल्यास आयुर्वेद हतबल आहे. आमची प्रकृती उत्तम. जनावरे ठीक. मृग नक्षत्र पंचांगाप्रमाणे लागले असून पाऊस पंचांग वाचत नसल्यामुळे अद्याप यावयाचा आहे. टँकर मात्र येतो. गतवर्षी गोदावरी दुथडी वाहिली, तरीही यंदाच्या वैशाखात टँकर आलाच. आता तो आपत्ती राहिला नसून सण झाला आहे.

विशेष वृत्त असे की, आपली भाची चिरंजीव मुक्ता हिने व्यवस्थापनशास्त्राची द्विवार्षिक पदवी, जिला जनसामान्य एमबीए म्हणतात, संपादन करण्याचा निश्चय केला. निश्चय स्तुत्य, गुणपत्रके मात्र परस्परांशी अबोला धरलेली. दहावीस एक्क्याण्णव टक्के, बारावीस अठ्ठावन्न, पदवीच्या प्रथम वर्षी चौऱ्याहत्तर, द्वितीय वर्षी पंचावन्न, तृतीय वर्षी एक्कावन्न. प्रवेश-परीक्षेतही तीच तऱ्हा : गणितात पर्सेंटाइल त्र्याण्णव, इंग्रजीत अडतीस. (पर्सेंटाइल म्हणजे आपणास किती गुण मिळाले हे नव्हे, तर शंभरातील किती लोक आपल्या मागे आहेत हे. सहकारात आम्ही यालाच बहुमत म्हणतो.) आता प्रश्न असा की, इतक्या चढउतारांची कन्या कोणत्या महाविद्यालयांपुढे उभी करावी? सर्वत्र अर्ज करावेत, तर प्रत्येक अर्जास शुल्क. एकाच ठिकाणी करावा, तर तो अविचार. मुक्ताने स्वतः महाविद्यालयांचे तीन वर्ग पाडले होते : जेथे घेणार नाहीत, जेथे कदाचित घेतील, आणि जेथे कोणासही घेतात. (आम्ही त्यांचे स्वर्ग, मृत्यू व पाताळ असे नामकरण केले. तिने ते स्वीकारले नाही.)

इतका गंभीर विषय एकट्याने निकाली काढणे आमच्या तत्त्वात बसत नसल्याने आम्ही सभा बोलाविली. स्थळ, संस्थेचे दूध शीतकरण केंद्र. तेथे सांप्रत दूध नसल्यामुळे बैठकीस जागा ऐसपैस आहे. उपस्थिती : माजी चेअरमन भगवानराव, विद्यमान चेअरमन धुळाजी, सौभाग्यवती, आणि अनिच्छेने मुक्ता. भगवानरावांनी प्रारंभीच वर्मावर बोट ठेवले.

“चेरमन कोण हाय तिथला? आपल्या पॅनलचा हाय का?”

“काका, चेरमन न्हाई बघायचा,” मुक्ता म्हणाली. “मागल्या साली किती पोरांना नोकऱ्या लागल्या, ते बघायचं.”

नोकरी लागावी म्हणून संस्थेत शिरावे, ही कल्पना भगवानरावांना नवी नव्हती. त्यासाठी आधी परीक्षा द्यावी लागते, हे नवे होते. धुळाजींनी एवढेच विचारले की, सुटी पेरणीत असते की काढणीत. सौभाग्यवतींनी मात्र सगळी माहितीपत्रके पुढे ओढून एकच निकष लावला : “वसतिगृहाला पाणी रोज येतंय का, ते आधी सांगा. बाकीचं मंग.” या चाळणीतून स्वर्गातील दोन व पाताळातील सर्व महाविद्यालये गळाली. उरलेल्यांत नगर रस्त्यावरील एका महाविद्यालयाच्या पत्रकावर निळाशार पोहण्याचा तलाव छापला होता. त्या चित्राकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “पोहायला पाणी हाय, म्हंजी प्यायला असंलच.” ठराव सर्वानुमते मंजूर झाला. (पुढे आम्ही तो तलाव समक्ष पाहिला. त्यात संचालकांची मोटार उभी होती. सावली चांगली पडते म्हणे.)

अखेर पाच अर्ज निश्चित झाले. परंतु बंकटराव, ज्याने आयुष्य सहकारात घालविले, तो एकट्या उमेदवाराचा अर्ज भरून शांत झोपू शकत नाही. आपणास स्मरत असेल की, बारा वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत भगवानरावांचा अर्ज छाननीत बाद झाला होता, कारण सूचकाची सही मतदारयादीशी जुळेना. त्या प्रसंगी संस्था वाचली ती केवळ आम्ही खबरदारी म्हणून भरविलेल्या डमी अर्जामुळे. तो डमी म्हणजे धुळाजी. ते त्या दिवशी गेवराईस शेळ्यांचे औषध आणावयास गेले होते; सायंकाळी बिनविरोध संचालक होऊन परतले, औषध विसरले, आणि आजतागायत चेअरमन आहेत. डमी उमेदवार हा लोकशाहीचा राखीव बैल होय. मुख्य बैल लंगडला तर जू त्याच्या मानेवर. न लंगडला तर माघारीच्या दिवशी सन्मानाने सोडावा.

तेव्हा मुक्तासाठी डमी कोण? पदवीधर हवा, विश्वासू हवा, वेळेवर माघार घेणारा हवा. आम्ही चहूकडे पाहिले आणि नाइलाजाने आमच्यापाशीच आलो. या शास्त्रास वयाची अट नाही. पदवीस पन्नास टक्के लागतात, आणि आम्हास विद्यापीठाच्या कृपेने पन्नास व वर काही दशांश आहेत. मुक्ताच्या सोबत परीक्षेस जावयाचे होतेच. मंडपाबाहेर बसण्याऐवजी आत बसलो, इतकेच.

आता घडले ते दैवयोगाने, आमच्या इच्छेने नव्हे, हे प्रथम नमूद करतो. गणितात आम्ही यथाशक्ति नष्ट झालो. इंग्रजीत प्रत्येक प्रश्नास तिसरा पर्याय दिला, कारण तिसऱ्या आघाडीवर आमची पूर्वीपासून श्रद्धा आहे. परंतु तर्कशक्तीच्या विभागात प्रश्न आले ते असे : आठ व्यक्ती गोल मेजाभोवती बसावयाच्या आहेत, पहिला दुसऱ्याशेजारी बसत नाही, तिसऱ्यास चौथा समोर नको, पाचवा सहाव्याच्या मेव्हण्याच्या उजवीकडेच बसेल. बंकटराव, हे गणित आम्ही प्रतिवर्षी संचालक मंडळाच्या पंगतीत सोडवितो. आणि तेथे तर पहिला उठल्याशिवाय दुसरा बसतही नाही. पुढील प्रश्न, अमुक इसम तमक्याच्या आत्याच्या सुनेचा कोण. अहो, ही तर आमची मतदारयादी! त्या विभागात आमचे पर्सेंटाइल अठ्ठ्याण्णव आले. एकंदर बेरजेत डमी मुख्य उमेदवाराच्या अंगुळभर पुढे गेला.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी मुक्ता म्हणाली, “आप्पा, तुमी माझं पॅनल पाडायलात.”

पुण्याच्या ज्या महाविद्यालयात तिचे मन गुंतले होते, तेथून दोघांनाही बोलावणे आले. (आम्ही आपल्याकडे उतरलो नाही. कारण आपण जाणता.) प्रथम गटचर्चा. विषय, भावी काळातील नेतृत्व. दहा तरुण एकाच वेळी बोलत होते. असे दृश्य पाहून तीस वर्षांची सवय उफाळून आली. आम्ही चष्मा लावलेल्या एका मुलीचे नाव अध्यक्षपदासाठी सुचविले, शेजाऱ्याकडून अनुमोदन घेतले, मागील सभेचे इतिवृत्त नसल्याची खंत व्यक्त केली, प्रत्येकास एक मिनिट दिले आणि भावी नेतृत्व असावे असा ठराव एकमताने मंजूर करून आभारप्रदर्शनही उरकले. परीक्षक काहीतरी वेगाने लिहीत होते. नंतर मुलाखतीत त्यांनी आम्हास विचारले की, पाच वर्षांनी आपण स्वतःस कोठे पाहता. आम्ही सत्य ते सांगितले, “साठीत.” त्यांना ते फार आवडले. का, ते आम्हास अजून कळलेले नाही.

मुक्ता आमच्यानंतर आत गेली. परतीची गेवराईची थेट गाडी चुकल्यामुळे आम्ही जामखेडवरून आलो, आणि मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा पिताना तिने आपली मुलाखत सांगितली. तिला विचारले होते, तुमचे गुण वर्षानुवर्षे वरखाली होत आले आहेत, आम्ही तुम्हाला का घ्यावे? ती म्हणाली, “मी म्हणलं, सर, बारावीला आमी छावणीवर होतो. जनावरांसंगं. पहिल्या वर्षी पाऊस झाला, मी घरी होते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी परत छावणी. माझे मार्क बघू नका, पाऊस बघा.”

“मग?”

“मग ते म्हणले, आता काय बदललं? म्हणलं, मागल्या साली पाऊस झाला. ही परीक्षा त्याच्यानंतरची हाय.”

आम्ही चहा संपविला. तो गार झाला होता, हे वास्तविक ढाबेवाल्यास सांगावयास हवे होते. चारा छावणी आमच्याच संस्थेने चालविली होती. तिच्या प्रत्येक अहवालात जनावरांची संख्या आम्ही स्वहस्ते लिहिली आहे. माणसांचा रकाना त्यात नव्हता. तिच्या इंग्रजीविषयी त्यांनी विचारले का, हे आम्ही विचारले नाही. तो पाऊस आमच्याकडे कोणत्याच साली पडत नाही.

निकाल लागला तो असा : दोघेही प्रतीक्षायादीत. आम्ही चौथे, मुक्ता पाचवी. आणि वरील तिघांस जागा मिळून यादी चारावर येऊन थांबली आहे. अन्य चार ठिकाणचे निकाल सांगण्यासारखे नाहीत. एक नगर रस्त्यावरचे घेण्यास तयार आहे, पण तेथील तलाव आता घरातील सर्वांस ठाऊक आहे.

आम्ही तत्काळ तेथील लिपिकास माघारीचा अर्ज मागितला. असा अर्ज त्यांच्याकडे नाही! ज्या संस्थेत माघारीचा दिवस नाही, जेथे कोणी कोणास समजावीत नाही, कोणी कोणाच्या घरी मध्यरात्री बोलणी करावयास जात नाही आणि माघार घेणाऱ्यास किमान उपाध्यक्षपद देण्याचीही प्रथा नाही, ती संस्था व्यवस्थापन काय शिकविणार? लिपिक म्हणाला, काका, संगणकावर नाव काढा, म्हणजे जागा खालच्या क्रमांकास जाते. न काढता मुदत संपली, तर ती व्यवस्थापनाच्या कोट्यात जाते. म्हणजे ना डमीस ना उमेदवारास. मुदत या महिनाअखेर आहे.

असो. आम्ही माघार घेणार, हे सांगणे न लगे. आयुष्यात प्रथमच आम्ही गुणवत्तेने कोठेतरी वरच्या क्रमांकावर आलो, ही बाब इतिवृत्तात राहावी, एवढीच अपेक्षा होती. म्हणून त्या यादीचे छायाचित्र मढवून शीतकरण केंद्रात लावले आहे. दुधाच्या जागी काहीतरी असावे.

चिरंजीवांस आशीर्वाद, वहिनीसाहेबांस नमस्कार, आपणास पुढे लिहिल्याप्रमाणे.

आपला, रुसव्यासह किंवा रुसव्याविना,
आप्पाराव

ता. क. : मुलांच्या वसतिगृहात वयाची अट असते काय, हे कोणाकडून कळल्यास कळवावे. जिज्ञासा निव्वळ शास्त्रीय आहे.

दुसरा ता. क. : वाडीवर दूरध्वनीची लहर लागत नसल्याने अर्ज भरतेवेळी आमचा संपर्क क्रमांक म्हणून आम्ही आपला दिला होता. (तेव्हा दिवाळी व्हावयाची असती तर बरे झाले असते, पण ती होऊन गेली होती, आणि आम्ही तो अबोला आठवडाभराचा समजलो.) आता नाव काढण्यासाठी बटण दाबले की ओटीपी नामक सहा आकडे आपल्याकडे जातात आणि दहा मिनिटांत मरण पावतात. गेला आठवडाभर सायंकाळी जे आकडे आपणास येत आहेत, ते सोडतीचे नसून आमची माघार आहे. शेजारच्या बायनाबाईंचा फोन तलवाड्यास नेऊन त्यावरूनही आम्ही आपणास लावला होता; आपण आवाज ओळखून तो ठेवून दिलात. आम्ही रोज टँकर गेल्यावर तलवाड्यास जाऊन बटण दाबतो. कृपया एकदा फोन उचलावा आणि केवळ सहा आकडे वाचावेत. अन्य काही बोलण्याचे बंधन नाही. सौभाग्यवतींना किंवा मुक्ताला यातले काही कळवू नये. माघार झाली, असे आम्ही त्यांना मागेच सांगून बसलो आहोत आणि मुक्ता बॅग भरीत आहे.

तिसरा ता. क. : फोन उचललाच, तर आकडे सांगून झाल्यावर पुढील बाबीचाही खुलासा व्हावा. दिवाळीत गाडी धुण्यासाठी आपण आमच्या टँकरच्या नळीचा तुकडा कापून नेलात. आपण विचारले होते व आम्ही ‘न्या’ म्हणालो होतो, हे खरे. परंतु तो शिष्टाचार होता. तो तुकडा हातभर होता, हे आपले म्हणणे तेव्हाही अमान्य होते, आताही आहे. आता आमची नळी रांजणापर्यंत पोहोचत नाही. दोन हात कमी पडते. सौभाग्यवती मध्ये घागर धरून उभ्या राहतात, आणि निम्मे पाणी बायनाबाईंची शेळी पिते. तुकड्यासोबत पितळी कडीही गेली आहे. ती तर मागितलीही नव्हती.