इफ्तार सोडून खेळणारा

२३ जानेवारी

गोळ्या फोडायचा गेम काढून टाकला. कायमचा. एका रंगाच्या तीन गोळ्या जुळवा, एवढंच काय ते डोकं, आणि त्यासाठी रोज दुकानातून येताना मिनीबसमध्ये मी त्याच त्या लेव्हलवर मरत होते. जीव संपले की थांबा. नाहीतर पैसे टाका. नाहीतर ओळखीच्यांकडे जीव मागा! या आठवड्यात माझ्या आतेबहिणीने, शाळेतल्या जुन्या बाईंनी आणि आमच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक उस्ताज फिक्री यांनी माझ्याकडे जीव मागितला. मालकांना दिला. दुसऱ्या दिवशी मी पगारवाढ मागितली, ती त्यांनी दिली नाही.

२५ जानेवारी

जाहिरातीत एक बाई थंडीने कुडकुडतेय. कडेवर मूल, डोक्यावर फुटकं छप्पर, नवरा सोडून गेलेला. 'खिळा ओढा, तिला वाचवा.' मी वाचवायला धावले. गेम उघडला — आत बाई नाही, मूल नाही, खिळा नाही. गोळ्या! त्याच गोळ्या!

असल्या जाहिराती करणाऱ्यांना कोणी विचारत का नाही, की त्या बाईचं पुढे काय झालं?

१ फेब्रुवारी

फुटबॉलचा गेम. माझं स्पष्ट मत: खेळाडूच्या मानेवरचा घाम दिसतो, गवताचं पातं दिसतं, आणि पंच मात्र ठार आंधळा. चष्मा मी फुकट करून देते.

गेल्या उन्हाळ्यात हा गेम आमच्या बैठकीत वाएलबरोबर खेळायचे. वाएल म्हणजे ज्याचं सोनं माझ्या हातात आहे आणि जो स्वतः दुबईत आहे. साखरपुडा झाल्यावर तो दर गुरुवारी यायचा. दार सताड उघडं, समोर आई भेंडी निवडत बसलेली, आणि आम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना. तो जिंकत असला की सगळं ठीक. हरायला लागला की म्हणायचा, "तुमचं वायफाय गेलं वाटतं." आणि बंद करायचा. आमचं वायफाय फक्त वाएल हरतानाच जातं. आईच्याही लक्षात आलं होतं. ती भेंडीकडे बघून हसायची.

जाण्याआधी त्याने दोघांचं स्वयंपाकघर असतं तो गेम माझ्या मोबाइलवर आणि स्वतःच्या जुन्या टॅबवर टाकला. दोन आचारी, एक चूल, गिऱ्हाईक दारात ओरडतंय. एकाने घंटा वाजवली की दुसऱ्याने यायचं. बोलता येत नाही, फक्त हृदय, टाळी नाहीतर रागावलेलं तोंड पाठवायचं. "तिकडून रोज खेळू," म्हणाला. आणि खरंच खेळतो.

जगातला हा एकच गेम माझ्या डोक्यात जात नाही.

३ फेब्रुवारी

मला या माणसाचं कोडं सुटत नाही. फोनवर 'हं' शिवाय बोलत नाही. काय जेवलास — हं. दमलास का — हं. मी काल सांगितलं, डोळे तपासायचं नवं यंत्र आलंय, उस्ताज फिक्री ते मला शिकवणार आहेत. तर म्हणे, "कशाला शिकतेस, लग्नानंतर थोडीच करायचंय?" मी फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आणि आज गेममध्ये माझं सूप जळलं, तर हाच माणूस न रागावता आला, पातेलं उचललं, घासलं, जागेवर ठेवलं आणि हृदय पाठवलं. मी खरा वाएल कुठला समजू?

९ फेब्रुवारी

तांत करीमान येऊन गेल्या. होणाऱ्या सासूबाई. रमजानचा आहेर घेऊन आल्या — साफ केलेलं बदक, अक्रोड, जर्दाळूची पोळी, माझ्यासाठी कंदील. हातातलं खाली ठेवायच्या आत विषय काढला: नीश.

सगळा देश फर्निचर घ्यायला आमच्या दमियात्तात येतो आणि प्रत्येक नवरी इथून एक काचेचं कपाट घेऊन जाते, तेच हे नीश. त्यात चिनी भांडी मांडायची. वापरायची नाहीत, आयुष्यभर पुसायची. मला ते नको आहे. त्या जागी मला टेबल हवंय.

"नीशशिवाय नवरी?" तांत म्हणाल्या. "लोक म्हणतील, बापाकडे धड बशी नव्हती."

"लोकांनी जेवायला यावं तांत, बश्या मोजायला नको."

"हिची जीभ बघा," त्या आईला म्हणाल्या, "वाएलचं कसं व्हायचं!"

गेल्यावर आई मला फाडून खायचीच बाकी होती. या बाईच्या वरच्या मजल्यावर मला जन्म काढायचा आहे!

१२ फेब्रुवारी

नशवाकडे गेले होते. माझी मोठी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिच्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर गोळीबाराचा गेम आहे, सगळे त्याचं कौतुक करतात. म्हटलं, बघू.

शत्रूचं शहर म्हणजे आपलंच कुठलंतरी. दुकानांच्या पाट्यांवरची अरबी अक्षरं उलटी आणि जोडून लिहायची ती सुटी सुटी. इतका पैसा ओतून गेम काढला, एका माणसाला विचारता नाही आलं? गल्लोगल्ली उंट. मी दमियात्तात आजवर एकच उंट पाहिलाय, तो खाटकाच्या दारात. जिन्यात एक म्हातारा बनियनवर उभा. त्याला उडवलं की गुण. बाबा असेच बनियनवर जिन्यात उभे राहतात. मी बंदूक खाली केली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला मारलं. परत उभी राहिले. परत मारलं.

भावजी म्हणाले, "अगं, खेळ आहे."

ज्याचा आहे त्याने खेळावा.

१४ फेब्रुवारी

शेताचा गेमही काढला. मी झोपले की गाजरं मरतात. मरोत.

१९ फेब्रुवारी

पहिला रोजा. डोकं ठणकतंय, चहा नाही. वाएलचा फोन आला आणि आज चक्क भरपूर बोलला. ईदनंतर दुसऱ्या आठवड्यात लग्न. महिन्याभराच्या सुट्टीवर येईल आणि परत जाईल. मी त्याच्या आईच्या वर राहायचं, व्हिसाचं 'बघू'. आणि दुकान आत्ताच सोडायचं. "माझी बायको परक्या पुरुषांच्या डोळ्यांत बघत बसणार नाही."

डोळे तपासतात ते! डोळ्यांत बघून करायचं काय, चष्मा बनवायचा!

मी म्हणाले, विचार करते. तो म्हणाला, "विचार कसला त्यात?"

नाहीच म्हणणार आहे. सोनं परत गेलं तरी चालेल.

२४ फेब्रुवारी

आज काहीतरी लक्षात आलं आणि दुपारपासून मी हवेत आहे.

रोजे सुरू झाल्यापासून तो दुपारच्या, असरच्या नमाजानंतर घंटा वाजवतो. मी तेव्हा घरी आलेली असते, आई मला स्वयंपाकात घेत नाही कारण भुकेवर मी मीठ दुप्पट टाकते. आम्ही खेळतो. आपली मगरीब, रोजा सोडायची संध्याकाळची अजान, व्हायला तासभर राहिला की तो निघून जातो. आज सहज मनात आलं — दुबईत सूर्य आपल्या खूप आधी मावळतो. म्हणजे आम्ही खेळत असतो तेव्हा तिकडे अजान होऊन जाते! दिवसभराचा उपाशी माणूस, समोर खजूर, पाणी, सूप, आणि हा माझ्याबरोबर खोट्या चुलीवर खोटं सूप ढवळत बसतो. इफ्तार सोडून! रोज!

मी फोनवर विचारलं, "तू इफ्तार सोडून माझ्याशी खेळतोस?"

आधी 'हं' म्हणाला. मग म्हणाला, "तुझ्यासाठी एवढंही करणार नाही का?"

मी रडले. तोंडाने बोलता येत नाही काही पुरुषांना. नाही येत तर नाही येत.

२६ फेब्रुवारी

उस्ताज फिक्रींना सांगितलं, ईदपर्यंतच येईन. ते यंत्रावरचं कापड घडी करत राहिले. "तुझा हात चांगला होता," एवढंच म्हणाले. परत येताना मिनीबसमध्ये माझा थांबा मागे गेला तेही कळलं नाही. पण इफ्तार सोडणाऱ्या माणसासाठी दुकान सोडायला काय हरकत आहे?

६ मार्च

नशवाला इफ्तारचं सांगितलं. कौतुक करायचं सोडून ती घास हातात धरून बसली.

"कुठला पुरुष इफ्तार सोडतो?"

"वाएल सोडतो."

"आणि जातो कधी म्हणालीस?"

"आपल्या अजानच्या तासभर आधी."

"शुरूक, त्या वेळी कोण उठतं माहितेय? ज्याला स्वयंपाक करायचा असतो तो. पुरुष अजान झाल्यावर उठतात, ते पण ताटापर्यंत."

जळते ती. हिच्या नवऱ्याने हिच्यासाठी पाण्याचा घोट तरी सोडलाय का कधी? मी न जेवताच आले.

१५ मार्च

आजच लिहायचं.

तांत करीमानकडे आम्हा सगळ्यांना इफ्तारचं बोलावणं होतं. रिवाज म्हणून मी मदतीला आधी एकटीच गेले. दार लोटलेलं होतं. आत गेले. तांत पाठमोऱ्या, चुलीवर मुलुखियाचं, हिरव्या पाल्याच्या रश्शाचं पातेलं, बदक भट्टीत. लसणाची फोडणी ओतताना आपल्या बायका जो मोठा श्वास आत ओढतात, ज्याशिवाय मुलुखिया जमत नाही म्हणतात, तोही त्यांनी घेतला नाही. लक्षच नव्हतं. तुपाच्या डब्याला एक टॅब टेकवून ठेवला होता. हाताला लसूण होता म्हणून त्यांनी बोटाच्या मागच्या सांध्याने पडद्यावर टकटक केलं.

माझ्या पर्समध्ये घंटा वाजली.

त्या वळल्या. मी दारात. पडद्यावर आमचं दोघांचं स्वयंपाकघर आणि वर नाव: वाएल.

"हा टॅब दुबईला गेला होता ना?" मी विचारलं.

"जड होतो म्हणून इथेच टाकून गेला," तांत म्हणाल्या. "सारखा वाजायचा. बघितलं तर तुझं नाव. एकदा दाबलं."

"इतके महिने तुम्ही होतात?"

"हो."

"सांगितलं का नाही?"

त्यांनी गॅस बारीक केला. "समोरासमोर तू माझ्याशी नीशवरून भांडतेस. तिथे हृदयं पाठवायचीस. मला कोण पाठवतं हृदयं, शुरूक? आमचे हे गेल्यापासून या घरात मी भिंतींशी बोलते." मग म्हणाल्या, "वाएलला म्हटलं होतं मी, तिला सांगून टाक. दोनदा म्हटलं. तो म्हणाला, राहू दे, तिला बरं वाटतं, आणि माझी कटकट वाचते."

बाकीचे आले. अजान झाली. मी खजूर तोंडात घातला आणि तो गिळता येईना. बदक उत्तम झालं होतं, सगळे म्हणत होते.

१६ मार्च

वाएलला फोन केला.

"तू इफ्तार सोडत होतास ना?"

"परत तेच? हो म्हटलं ना."

"मी काल तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात होते."

तो हसला! "एवढ्याशा गेमवरून काय तमाशा करतेस? खेळायला कोणीतरी मिळालं ना तुला?"

गेमवरून नाही रे. गेम तर तू खेळलाच नाहीस. मी रडले ते तू ऐकलंस, मी दुकान सोडते म्हणाले ते तू ऐकलंस, आणि प्रत्येक वेळी म्हणालास — हं.

मी सांगितलं, सोनं घेऊन जा. तो काहीतरी बोलत होता. पहिल्यांदाच माझं वायफाय गेलं.

१८ मार्च

मुलीने मोडलं की सोनं परत. तांत एकट्याच आल्या, सोबत कोणी पुरुष आणला नाही. आई रडत होती, बाबा खिडकीपाशी. मी डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी उघडूनही पाहिली नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. डबी पर्समध्ये टाकून जिना उतरल्या. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. शेवटी त्याचीच आई.

मला राग वाएलचा आहे आणि रडू मात्र भलत्याच गोष्टीचं येतंय. असरनंतरची वेळ खायला उठते. गेम काढून टाकायला गेले आणि बोट तसंच धरून बसले. ईदनंतरही येते असं उद्या उस्ताज फिक्रींना कुठल्या तोंडाने म्हणायचं तेही कळत नाही, पण म्हणणार आहे.

२२ मार्च

ईदचा तिसरा दिवस. दुपारी घंटा वाजली. बघायचं नाही असं ठरवून बघितलं.

वाएलचं नाव काढलंय. तिथे लिहिलंय: करीमान.

मी आत गेले.