फिन्सची पिशवी

आई,

तू पहाटेच कापूस वेचायला गेलीस, म्हणून लिहून ठेवते. मी जळगावला निघाले, तिथून पुढे अंदमान.

काल पोहताना पायांत घालायचे माझे फिन्स पाहून तू विचारलंस, "हाई काय शे? मासानी शेपटी?" श्वास रोखून समुद्रात बुडी मारायला शिकणार आहे म्हटल्यावर न जेवताच झोपलीस. नाना तापीत बुडाले, मी बापाविना झाले, तेव्हापासून तू पुलावरसुद्धा डोळे मिटून घेतेस, मला ठाऊक आहे.

आणि सकाळी बघते तर फिन्ससाठी गोधडीची जाड पिशवी शिवून ठेवलेली! ते इतके लांब, की कुठल्याच बॅगेत मावत नव्हते. कार्बनचे हलके असतात, पण सामान आपटलं की तडकतात, म्हणून मी प्लॅस्टिकचे घेतले. तरी विमानात ते मोडतील ही धास्ती होतीच. आता नाही. पिशवीला नानांच्या उपरण्याचा पट्टा लावलास, तो खांद्यावर घेतला आणि रडूच आलं.

एकटी बुडी मारणार नाही, सोबत कायम कोणीतरी असेल. वर आले की आधी श्वास, मग तुला फोन.

खिचडी झाकून ठेवली आहे, जेवून घे. तू मला अडवलं नाहीस, आई. एवढं माझ्यासाठी कोणीच केलं नसतं.

कस्तुरा